संध्याकाळ कोणाच्या ताब्यात?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देणारा कायदा अमलात आणला, आणि तेव्हापासून मुंबईतल्या पालकसभांत, गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत आणि लोकलच्या डब्यांतही एकच वाद ऐकू येतो. एक बाजू म्हणते की फोनने घरे आतून पोखरली, तेव्हा आपल्याकडेही असाच कायदा हवा. दुसरी म्हणते की घरचे प्रश्न घरातच सोडवायचे असतात. ज्यांना मुलांना वळण लावता येत नाही ते कायद्याच्या आड लपतात. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, पण एक गोष्ट दोघींनीही न बोलता मान्य केलेली असते: प्रश्न मुलांचा आहे, आणि तो सवयीचा व मनोनिग्रहाचा आहे. माझ्या मते ही मान्यताच चुकीची आहे. कुटुंबाच्या वाट्याचा वेळ कोणाच्या ताब्यात आहे, हा मूळ प्रश्न आहे. तो मोठ्या माणसांपासून सुरू होतो, आणि या शहरात असा वेळ आजवर कोणालाही एकट्याच्या निग्रहाने मिळालेला नाही. तो अनेकांनी मिळून मागितला, त्यासाठी भांडले, नियम करून घेतले, तेव्हा मिळाला. तो टिकवायचा असेल तर पुन्हा तेच करावे लागेल.

सर्वप्रथम बाजूला सारायला हवे ते हरवलेल्या सुखी संध्याकाळचे चित्र. पूर्वी तिन्हीसांजेला सगळे घर एकत्र यायचे, शुभंकरोती व्हायची, मग जेवणे, मग गप्पा, आणि हे सारे मोबाइलने नेले, अशी भाषणे मी अनेक ऐकली आहेत. मुंबईपुरते बोलायचे तर हे चित्र फार थोड्या घरांचे होते. ज्यांच्या श्रमांवर हे शहर उभे राहिले ते रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष बहुधा बायकामुलांना गावी ठेवून येथे एकटे येत. ते खानावळीत जेवत, परळ-लालबागच्या चाळींतल्या एकेका खोलीत कितीतरी जण मिळून राहत, आणि दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच्या जागेवर रातपाळीहून आलेला दुसरा माणूस पाठ टेकत असे. मुलांचे तोंड शिमग्याला नाहीतर गणपतीत दिसायचे. ज्यांची बायको येथे असे, तीही अनेकदा गिरणीच्या वाइंडिंग किंवा रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यात उभी असे. त्या घरातले संध्याकाळचे बोलणे कोणत्या यंत्राने हिरावून घेतले होते? मोबाइल यायला तेव्हा कित्येक दशके अवकाश होता.

म्हणून या शहरातल्या कुटुंबाच्या वेळेचा इतिहास कामगार चळवळीच्या बाजूने वाचावा लागतो. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या पहिल्या मागण्या पाहा: दर रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार वेळेवर मिळण्याची आणि अपघाताच्या भरपाईची मागणी त्यानंतर येते. म्हणजे अर्धपोटी माणसांनीही आधी मागितला तो वेळ. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. तोवर एखाद्या कामगाराला स्वतःपुरता रविवार घेता आला नसता का? आला असता, पण सोमवारी त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, दुसरा माणूस दिसला असता. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळाली तेव्हाच ती प्रत्येकाला घेता आली. आजच्या वादातून नेमका हा धडा निसटतो.

त्यानंतरचा प्रसंग तर आजच्या परिस्थितीशी आणखी जवळचे नाते सांगतो. लोखंड्यांच्या काळात गिरणीला सूर्यास्ताची मर्यादा होती, कारण अंधारात सूत दिसत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि निसर्गाने घालून दिलेली ती मर्यादा गेली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत काम चौदा-पंधरा तासांवर गेले, कामगारांनी संप केले, सरकारला चौकशी करावी लागली, आणि अखेर १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. विजेचा दिवा वाईट होता का? त्याच दिव्याखाली पुढे याच कामगारांची मुले रात्रशाळेत शिकली. कामगारांना ‘दिव्याचा मोह आवरा’ असे कोणी सांगितले असते तर ते हास्यास्पद ठरले असते, कारण दिव्याचे बटण त्यांच्या हातात नव्हते. दिवा किती वाजेपर्यंत जळेल हे कोण ठरवणार, असा तो वाद होता.

स्मार्टफोनने आपल्या काळातला सूर्यास्त असाच काढून टाकला आहे. पूर्वी कचेरीचे दार बंद झाले की साहेबाचा निरोप दुसऱ्या दिवसापर्यंत थांबे. दुकान, शाळा, बँक, सगळ्यांना वेळ होती. आता रात्री साडेनऊला कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘उद्या सकाळपर्यंत पाहून घ्या’ असा निरोप येतो, दहाला शाळेच्या गटावर उद्याच्या प्रकल्पासाठी चार्ट पेपर आणण्याची सूचना येते, आणि या दोन्हींसाठी हातात घेतलेला फोन त्या कामापुरता राहत नाही. काम आणि करमणूक एकाच पडद्यावर असल्यामुळे एकासाठी दार उघडले की दुसरे आत येतेच. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि पुढच्या काळात मुंबईतल्या कितीतरी घरांना पहिल्यांदाच दिवेलागणीनंतरचा स्वतःचा वेळ मिळाला. संघर्षाने मिळालेला तो वेळ आपण आज कोणी मागण्याआधीच देऊन टाकतो, आणि मग घरच्या माणसांना दोष देतो.

या मांडणीवरचा सर्वांत बळकट आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फोनने मुंबईतली कुटुंबे तोडली त्याहून अधिक जोडली, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे अवघड आहे. गिरणी कामगाराला बायकोची खुशाली पोस्टकार्डातून आणि मनीऑर्डरीच्या पावतीवरच्या चार ओळींतून कळे. आज बोटीवर महिनोन्‌महिने असणारा वसईचा खलाशी मुलीचा वाढदिवस व्हिडिओ कॉलवर पाहतो. कांदिवलीत पहारा देणारा सुरक्षारक्षक रात्री गावच्या आईशी बोलतो. मालवणात एकट्या राहणाऱ्या आजीला नातवंडे रोज दिसतात. विरार लोकल बंद पडली की घरी एका मिनिटात कळते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हे सारे श्रीमंतांपुरते राहिले नाही, ही मोठी सामाजिक घटना आहे, आणि फोनविरुद्ध सरसकट बोलणारी मंडळी तिची दखलही घेत नाहीत याचे मला वाईट वाटते.

पण ही उदाहरणे नीट पाहिली तर त्यांत एक समान गोष्ट दिसते. त्या प्रत्येक संभाषणाला हेतू आहे आणि शेवट आहे. आजीशी बोलणे संपते, फोन खाली ठेवला जातो. ज्याने संध्याकाळ गिळली ते वेगळे आहे: ते न संपण्यासाठीच घडवलेले आहे. पान संपले की थांबून ‘पुढे जाऊ का’ असे स्वतःला विचारण्याची सोय पूर्वी संकेतस्थळांवर आपोआप असे. २००६ मध्ये एझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने पान कधीच न संपण्याची रचना तयार केली, आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली. एक रील संपण्याआधी दुसरी सुरू होणे, कोणी काय पाहिले हे तपासून त्याच जातीचे आणखी पुढे ठेवणे, ‘तुमच्या मित्राने काही टाकले आहे’ असे बोलावणे धाडणे, या सगळ्यामागे कुशल माणसांचे पगारी श्रम आहेत आणि आपण तेथे किती वेळ राहिलो यावर त्यांचे उत्पन्न ठरते. दिवसभर काम करून, दीड तास लोंबकळत घरी आलेल्या माणसाने रात्री नऊ वाजता, मन सर्वांत थकलेले असताना, या यंत्रणेशी एकट्याने झुंजावे आणि हरला तर त्याला संस्कारहीन म्हणावे, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. प्रत्येक नव्या माध्यमावर हीच ओरड झाली, असे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले; काही वर्षांत पाहुणे आले तरी संच बंद करत नाहीत, मुले अभ्यास करत नाहीत, अशा तक्रारी घरोघर होत्या. १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागले की रस्ते ओस पडत. तरी कुटुंबे टिकली, मग आताच एवढी चिंता कशाला? याचे उत्तर त्या काळच्या खोलीतच आहे. चाळीत ज्याच्याकडे संच असे त्याच्या दारात अर्धा मजला गोळा होई. सगळे एकच पाहत, त्यावर बोलत, भांडत, आणि काय पाहायचे यावरून होणारा वादही घरातला संवादच होता. कार्यक्रम ठरलेल्या वेळी संपे, रात्री प्रक्षेपणच थांबे. संचाला समोर कोण बसले आहे हे ठाऊक नव्हते. आज एका खोलीत चार माणसे चार वेगळ्या जगांत बसलेली असतात आणि प्रत्येक जग त्या माणसाला नेमके ओळखून रचलेले असते. हा फरक केवळ प्रमाणाचा असता तर मी तो आक्षेप स्वीकारला असता.

संशोधनाचा मुद्दाही काही जण काढतात. समाजमाध्यमांमुळे मुलांचे मानसिक आरोग्य किती बिघडते यावर अभ्यासकांत खरोखरच मतभेद आहेत, आणि आपल्या सोयीचा निष्कर्ष तेवढा उचलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु माझा दावा त्या निष्कर्षावर उभा नाही. रविवारची सुट्टी मागताना लोखंड्यांना वैद्यकीय अहवाल जोडावा लागला नव्हता. माणसाला आपल्या माणसांबरोबर अखंड वेळ हवा असतो, एवढे कारण पुरेसे होते आणि आजही आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो क्वचितच कोणी मोठ्याने मांडते, कारण तो मांडणाऱ्यांना सभेत बोलायला फारसे मिळत नाही. ‘कुटुंबाला वेळ द्या’ हा उपदेश घरात कोणाला ऐकवला जातो? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे जवळपास पाच तासांसमोर दीड तास. डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणारी बाई सकाळी डबे करून निघते, संध्याकाळी परतताना कोथिंबीर निवडत येते, रात्री ओटा आवरून साडेदहाला टेकते आणि फोन हातात घेते. दिवसभरात तिच्याकडून कोणी काही न मागितलेली ही पहिली वीस मिनिटे असतात. त्या वेळी ‘सारखी फोनवर असते’ असे म्हणणारा नवरा तिच्याकडून कुटुंबासाठी आणखी किती वेळ मागतो आहे? लोकलच्या महिला डब्यात कानात हेडफोन घालून मालिका पाहणाऱ्या बाईला तर मी कधीच दोष देणार नाही. तो डबा आणि तो पडदा हाच अनेकींचा स्वतःचा कोपरा असतो.

हेच घरातल्या तरुण मुलींबाबत. एकशे ऐंशी चौरस फुटांच्या खोलीत सहा जण राहतात तेथे सतरा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीशी मनातले बोलायला जागा कुठे आहे? तिचा फोन काढून घेणे हा अनेक घरांत संस्काराचा नव्हे, पाळतीचा भाग असतो. भावाचा फोन त्याच घरात कोणी तपासत नाही. म्हणून जो घरगुती नियम कामाची वाटणी बदलत नाही आणि मुलगा-मुलीला सारखा लागू होत नाही, तो कुटुंबाच्या नावाने घरातल्या दुबळ्या माणसावर लादलेला नियम आहे, असे मी मानतो. जेवताना फोन नको असेल तर जेवणानंतरची भांडी कोणी घासायची हेही त्याच बैठकीत ठरायला हवे. फोन बाजूला ठेवल्यावर मोकळे झालेले पुरुषाचे हात कशाला लागतात, यावर त्या नियमाचा प्रामाणिकपणा ठरेल. आणि नियम मोठ्यांपासून सुरू व्हायला हवा, कारण वडील आमटीच्या वाटीशेजारी फोन उताणा ठेवून जेवत असतील तर मुलाला काय सांगणार?

आता कायद्याकडे वळू. बंदीने काय साधते याचा अनुभव आपल्याला आहे. भारत सरकारने २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी घातली. कारणे सुरक्षेची होती, तरी अनेक पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. बंदीने एका कंपनीचे नाव गेले. पडद्यावरची रचना तशीच राहिली आणि संध्याकाळचा जो वेळ टिकटॉक खात होते तो रील्स खाऊ लागल्या. म्हणून नावांवरच्या बंदीपेक्षा रचनेवरची बंधने मला महत्त्वाची वाटतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. ही तरतूद काटेकोर अमलात आली तर तिचा उपयोग वयाच्या बंदीहून मोठा होईल, कारण ती जबाबदारी कंपनीवर टाकते. त्याच कायद्यातली पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट मात्र ओझे पुन्हा घरावर आणते. ज्या घरात आईला फोनमधले काही अडले की तिचा बारा वर्षांचा मुलगाच ते करून देतो, तेथे ही संमती प्रत्यक्षात कोण देणार?

कायद्याने घरात डोकावू नये, हे म्हणणे योग्य आहे. पण कायदा आणि एकटे घर यांच्या मधेही जागा आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत मोबाइल आणि टीव्ही बंद राहतील. त्या बातमीचे मुंबईत कौतुक झाले आणि ‘गावाकडे जमते, येथे कसे जमणार’ म्हणून ती विसरलीही गेली. त्या प्रयोगाचे मर्म भोंग्यात नाही. सगळ्यांचे फोन एकाच वेळी बंद होतात यात आहे. एकाच मुलाचा फोन घेतला तर तो मित्रांतून तुटतो, एकाच कर्मचाऱ्याने निरोप पाहिला नाही तर तो आळशी ठरतो. सर्वांनी एकदम थांबवले तर कोणाचेच नुकसान होत नाही. १८९० च्या रविवारचे तत्त्व हेच होते.

मुंबईला हे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे ठरले, तेव्हाही उत्सवांच्या या शहरात ते कोण पाळणार असे विचारले जात होते. उल्लंघने आजही होतात, पण दहा वाजले की मंडळाचा कार्यकर्ता घड्याळ पाहतो, हा बदल सर्वांनी पाहिला आहे. शंभर सदनिकांच्या इमारतीने किंवा चाळीच्या एका मजल्याने ठरावीक वेळ ठरवणे त्याहून कठीण नाही. मात्र त्याच बैठकीत आवारातली ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी काढण्याचा ठरावही व्हायला हवा. मोकळ्या जागेत गाड्या उभ्या करायच्या, चेंडूचा आवाज झाला की वरून ओरडायचे, आणि मग मुले फोन सोडत नाहीत म्हणून हळहळायचे, हे बरोबर नाही. गावात सात वाजता फोन ठेवलेल्या मुलाला जायला पार आहे, अंगण आहे. आमच्या मुलाने जिन्यात बसायचे का? शाळांनीही आपला वाटा उचलावा: संध्याकाळी सहानंतर गटावर सूचना टाकायची नाही आणि गृहपाठ वहीतच लिहून द्यायचा, एवढा नियम प्रत्येक शाळा उद्यापासून करू शकते. कोविडच्या काळात शाळेनेच मुलांच्या हाती फोन दिला, कारण दुसरा मार्ग नव्हता. शाळा पुन्हा भरू लागल्यावर तो परत घेण्याची जबाबदारी मात्र एकट्या पालकांवर सोडून दिली गेली.

परंतु या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट कामाच्या तासांची आहे आणि तिथे मौन सर्वांत गडद आहे. ज्या ऑस्ट्रेलियाच्या मुलांवरच्या बंदीचे आपल्याकडे एवढे गोडवे गायले जातात, त्याच देशाने त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, कामाची वेळ संपल्यावर आलेल्या फोनला आणि निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क नोकरदारांना दिला. त्याचा उल्लेख मी एकाही पालकसभेत ऐकला नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडले. पण खासगी सदस्याचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचे, विधेयक कायदा होण्याची घटना १९७० नंतर घडलेली नाही, तेव्हा सरकारने स्वतः हालचाल केल्याशिवाय काही होणार नाही. आणि सरकार कोणत्या दिशेला चालले आहे? महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतल्या दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाचा मोबदला मिळेल, हे या निर्णयाचे समर्थन मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही बारा तास काम आणि बदलापूर किंवा विरारहून तीन तासांचे येणे-जाणे यांची बेरीज करून पाहावी. त्या दिवशी त्या कामगाराचे मूल त्याला जागे दिसेल का? मुलांच्या फोनवर तासन्‌तास बोलणाऱ्या या शहराने त्या निर्णयावर एक संध्याकाळही चर्चा केली नाही.

या युक्तिवादाचे एक टोक माझ्यासाठीही अवघड आहे, आणि ते टाळणे योग्य होणार नाही. माझ्यासारख्या नोकरदाराच्या घरी आठ वाजता सगळे फोन बाजूला ठेवून जेवायला बसतात, त्या ताटातले जेवण अनेकदा एका तरुणाने दुचाकीवरून आणलेले असते. त्याच्यासाठी फोन म्हणजेच कारखाना. सात ते अकरा ही त्याची कमाईची वेळ आणि त्याच वेळी त्याचेही मूल जेवायला बसते. ठराविक तास लॉगिन राहिले तरच प्रोत्साहन रक्कम मिळते, अशा अटी असल्या की त्याला संध्याकाळ मागायची सोयच राहत नाही. आणि मागणार तरी कोणाकडे, समोर मुकादम नाही, पडदा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची कायद्यात नोंद घेतली, त्यांच्यासाठी कल्याणनिधीची तरतूद केली, पण त्यांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातलेली नाही. ही मर्यादा, तीत जाणारा प्रतीक्षेचा वेळ धरून, आणि आठवड्यातली एक पूर्ण सुट्टी कमाई न बुडता मिळावी, ही मागणी आता त्यांच्या संघटनांबरोबर आपणही करायला हवी. त्यामुळे जेवण महाग होईल, काही रात्री ते मिळणारही नाही. घरी पिठले-भात करावा लागेल आणि तो नेहमीप्रमाणे घरातल्या एकाच व्यक्तीने करायचा नाही.